अख्खा तांदूळ

३ मार्च

मटा,

अकरा एप्रन होते. दहा आचाऱ्यांचे आणि एक भाजी चिरणाऱ्या ताईंचा, त्याला खिसा जास्तीचा. इस्त्री तापेपर्यंत मी दूध ठेवलं, एक डोळा दुधावर आणि एक गॅलरीतल्या दोरीवर ठेवून कपडे काढले. दूध उतू गेलंच. ओटा पुसला, पुन्हा दूध ठेवून चहा टाकला, एप्रन घडी करून चादरीत बांधले आणि गाठोडं काखेत मारून कारखान्याच्या कँटीनच्या मागच्या दाराशी गेले. तुझे मामा तिथे आचारी, पहाटे चारलाच गेलेले असायचे. लग्नानंतरचा तो पहिलाच आठवडा. दार उघडं होतं, आतून वाफ येत होती आणि कोणीतरी ओरडलं, "बटा, कां आला, साख टाकू नको!"

मला वाटलं, परक्या मुलखातली माणसं आहेत. घरी आल्यावर मामांना विचारलं, तर ते हसून हसून खोकायला लागले.

तू तुझ्या शब्दकोशाच्या कचेरीतर्फे विचारलंस म्हणून लिहिते. मोठ्या पंख्यांच्या आणि वाफेच्या आवाजात शब्दाचं शेपूट ऐकू जात नाही. तिथे अकराशे माणसांचं जेवण तीन पाळ्यांत व्हायचं, दोनदा सांगायला वेळ कुणाला? म्हणून शब्द अर्धाच बोलायचा. मग हळूहळू ते अर्धे शब्द माणसांना आणि प्रसंगांनाही चिकटले. पुरा शब्द म्हणजे जिन्नस, अर्धा शब्द म्हणजे जिन्नस किंवा माणूस. कुठला ते हाक मारणाऱ्याच्या सुरावरून कळायचं.

बटा म्हणजे बटाटा, आणि कुठल्याही कामात खपणारा माणूस. कां म्हणजे कांदा, आणि तपासणीचे साहेब, कारण ते आले की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. साख म्हणजे साखर, आणि साहेबांपुढची गोड बोलणी. कोब म्हणजे कोबी, आणि वरिष्ठांचं आश्वासन: पान काढा, पान काढा, आत काही नाही. टोम म्हणजे टोमॅटो, आणि चटकन लाल होणारा. चिरणाऱ्या ताई गाज, कारण गाजर डोळ्यांना चांगलं म्हणतात आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. एक शब्द अंड्याचाही आहे. तो मी कागदावर लिहिणार नाही, तुझ्या साहेबांना तू तोंडी सांग.

आणि तू मटा. मटारचा दाणा ताटात एका जागी ठरत नाही, हे तुझ्याबद्दल मामांनी तू चार वर्षांची असताना म्हटलं होतं. अजूनही ठरली नाहीस.

बाकीचं तिथल्या लोकांना पत्र लिहून विचार. माझं नाव काढू नको. मामा गेले त्या महिन्यातच एप्रन धुवायचं काम लाँड्रीला गेलं, आणि एकानेही दारात येऊन "वहिनी, असं असं झालं" म्हटलं नाही. तीन वर्षं झाली. मी त्या गल्लीने जात नाही, वाचनालयाला लांबून वळसा घालते. चालणं होतं तेवढंच.

मामी


१७ मार्च

मामी,

फोनवर तू "बरं आहे" एवढंच म्हणतेस आणि पत्रात चार पानं लिहितेस, म्हणून मी आता तुला फोन करायचंच सोडणार आहे.

तुझी यादी आमच्या साहेबांनी दोनदा वाचली. अंड्याचा शब्द मी त्यांना तोंडी विचारला, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ही नोंद आपण पुढच्या आवृत्तीत घेऊ." सगळी कचेरी दिवसभर पुढच्या आवृत्तीवर हसत होती.

कँटीनला मी छापील प्रश्नपत्रकं पाठवली होती, सोळा भरून परत आली. तुझं नाव कुठेही काढलं नाही. डावीकडे जिन्नस, मध्ये छोटा शब्द, उजवीकडे अर्थ, अशा तीन रकान्यांचं पत्रक. तुझे सगळे शब्द जुळले. कोबचा अर्थ तर एकाने लिहिलाय, "पगारवाढीचं पत्र."

एक गोष्ट मात्र मजेची सापडली. तांदळासमोर सोळाही पत्रकांत मधल्या रकान्यात आडवी रेघ आहे. मिठाला, तेलाला, अगदी पाण्यालाही छोटा शब्द आहे, पण तांदूळ सगळे अख्खा म्हणतात. मी त्यावर टीप लिहिली आहे, छपाईच्या आधीची प्रत सोबत पाठवते: "रोजच्या मुख्य अन्नाचं नाव तोडणं या मंडळींना अप्रशस्त वाटत असावं. तांदूळ हा शब्द ते कधीही तोडत नाहीत." साहेबांना टीप फार आवडली. म्हणाले, यातून माणसाच्या मनातलं अन्नाचं स्थान कळतं.

तू वाचून बघ. तुझ्याइतक्या बारीक नजरेने आमच्याकडे कुणी वाचत नाही. मागच्या पुस्तकात तू दाखवलेल्या चुका आम्ही मुकाट्याने दुरुस्त केल्या, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तुझी मटा


२१ मार्च

मटा,

तुझी टीप खोटी आहे.

टीप देखणी आहे, वाचायला गोड आहे, आणि खोटी आहे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी मामांनी घरी आणलेल्या रिकाम्या पोत्यांवरच्या अक्षरांवर केलं. पहिला लांब शब्द मी तांदळाच्या पोत्यावर वाचला. त्यामुळे या एका शब्दाबद्दल मला तुझ्या साहेबांनी शिकवू नये.

एकोणतीस वर्षं मी त्या मागच्या दाराशी उभी राहिले. "तांद धुवा." "तांद चढवा." "तांद उतरवा, खाली लागेल." रोज. तो शब्द ते तोडत होते, आणि सगळ्यात जास्त तोच तोडत होते. कारण तांद म्हणजे तुझे मामा.

हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. हात गेला नाही.

त्यांना ते नाव कसं पडलं ते सांगते. एकदा मोठा ताप आला म्हणून ते चार दिवस घरी राहिले, लग्नाच्या बाराव्या वर्षी की तेराव्या. तोवर त्यांना कोणी काहीच म्हणत नव्हतं, "अहो" म्हणायचे. ते आरडाओरडा करायचे नाहीत, कुणाची चूक झाली तर स्वतः पातेलं घासायला बसायचे, त्यामुळे ते आहेत हेच कुणाच्या ध्यानात नसायचं. चार दिवसांत दोनदा आमटी करपली, एकदा भाजी कमी पडली, टोमने पाव आणणाऱ्याशी मारामारी केली. पाचव्या दिवशी हे परत गेले तर गाज ताई खिडकीतून म्हणाल्या, "आला का आमचा तांद. असतो तेव्हा दिसत नाही, नसला की ताट रिकामं." तेव्हापासून तांद. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. मी म्हटलं, "मग तुम्ही टोम की तांद?"

त्यानंतर दुसऱ्या कुणाला तो शब्द लावला नाही. कामाला तसे आणखीही होते, पण तांद एकच.

आता तू म्हणतेस सोळा कागदांवर आडवी रेघ. म्हणजे त्यांनी नावच पुसलं. एप्रन काढून घेतले, आता शब्दही काढला. सोळा जणांत एकालाही आठवू नये?

तुझ्या पुस्तकात तांद घाल. अर्थ मी लिहिलाय तसा लिही. साक्षीला लिही, "आचाऱ्याची बायको." तुझ्या साहेबांना सोळा कागदांवर विश्वास ठेवायचा असेल तर खुशाल ठेवू देत, पण मग माझी पूर्ण यादी मला परत पाठव. माझे शब्द अर्ध्या सत्याच्या शेजारी छापायचे नाहीत.

मामी


२ एप्रिल

मामी,

तू रागावलीस की तुझं अक्षर सुंदर होतं. साहेब म्हणाले, "या बाईंना आपण नोकरीवर का नाही घेतलं?" टीप काढली आहे. मी चुकले. सोळा रेघा बघून मी कारण मनानेच लावलं, कुणाला विचारलं नाही. हे आमच्या धंद्यात पाप आहे.

म्हणून यावेळी विचारलं. कँटीनला एकाच ओळीचं पत्र टाकलं: "तांदळाला पूर्वी छोटा शब्द होता का?" उत्तर गाज ताईंचं आलं. जसंच्या तसं उतरवते, शुद्धलेखनसुद्धा सुधारलं नाही, थोडंच सुधारलं.

"बाई, तुमच्या कागदावर आम्ही जुन्यांनी रेघ मारली कारण खरं लिहायला जागा नव्हती, नव्यांनी आमचं बघून मारली. छोटा शब्द होता. तो आमच्या मोठ्या आचाऱ्यांचा होता. आमच्यात एक रीत आहे. जुना माणूस गेला की त्याचा शब्द आम्ही तोडत नाही. जिन्नस मागायचा तर अख्खा म्हणायचा, कितीही घाई असो, पंखे कितीही ओरडोत. मग त्याच्या घरचं कुणीतरी मागच्या दाराशी येतं आणि तो शब्द आपल्या तोंडाने तोडून जिन्नस मागतं. तिथून शब्द मोकळा. चहावाले दादा गेले तेव्हा चार महिने आम्ही चहा अख्खा म्हणत होतो. मग त्यांची लेक आली, दाराशी उभी राहून म्हणाली, 'चा द्या.' आम्ही सगळे रडलो आणि तिला चा दिला.

आमच्या आचाऱ्यांच्या घरून कुणी आलं नाही. वहिनी रोज यायच्या, त्यांचं येणं बंद झालं. ते आमच्यामुळेच. एप्रनचं काम वरून काढून लाँड्रीला दिलं तेव्हा आम्ही तोंड उघडलं नाही, नोकऱ्यांची भीती होती. मग कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात जायचं? म्हणून तीन वर्षं आम्ही दिवसाला पन्नास वेळा तांदूळ अख्खा म्हणतो. नवीन माणसं विचारतात का, तर सांगतो, तसंच म्हणायचं. ती म्हणतात.

मी या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होते. माझ्यानंतर हे कारण माहीत असलेले दोघंतिघंच राहतील. आणि आता आमच्यात एक आचारी आहे, पन्नाशीला आलेला, कधी आवाज नाही, दुसऱ्याचं पातेलं स्वतः घासतो. मागच्या महिन्यात त्याच्या घरी अडचण होती म्हणून तीन दिवस आला नाही तर सगळ्या पाळीची वाताहत. आम्हाला त्याला काय म्हणायचं ते माहीत आहे. पण म्हणता येत नाही."

मामी, ताईंचं पत्र इथे संपतं. पुढचं तूच लिही.

मटा


८ एप्रिल

मटा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग ओट्यावर ठेवून भाजी निवडली आणि पुन्हा वाचलं.

चहाचं मी ऐकलं होतं. त्या चार महिन्यांत दाराशी उभी असताना "चहा" असं लांबलचक कानावर यायचं. मला वाटलं, नवीन साहेबांनी नीट बोलायला सांगितलं असेल. मामांना विचारलं तर म्हणाले, "असतं काहीतरी." गेलेल्या माणसांचं ते घरी बोलत नसत.

तीन वर्षं. दिवसाला पन्नास वेळा. मी हिशेब केला नाही, करणारही नाही. पण मी लांबून वळसा घालून वाचनालयात जात होते, कुणी आपल्या माणसाचं नाव घेत नाही म्हणून, आणि तिथे सोळा माणसं दिवसभर त्यांच्यासाठी श्वास खर्च करत होती. माझी मान आज वर आहे, मटा. शेजारीण म्हणाली, "काय हो, आज फार ताठ चालताय." मी म्हटलं, "पाठ दुखत होती, बरी झाली."

पण तोडायचं म्हणशील तर मी तोडणार नाही. का तोडू? राजाचा पुतळा उभारला तर त्याला कोणी वर्षाने पाडत नाही. माझ्या माणसाला पुतळा नाही, पदक नाही, भिंतीवर फोटोसुद्धा नाही, पण पंख्यांच्या आवाजाविरुद्ध पुरा शब्द आहे. तो राहू दे अख्खा. ताईंना लिही, वहिनींनी निरोप दिलाय, जसं चाललंय तसं चालू द्या. आणि वहिनी रागावलेल्या नाहीत हेही लिही.

तुझ्या पुस्तकात आता टीप खरी लिही. शब्द का तोडत नाहीत ते लिही. ते छापून येऊ दे.

मामी


१४ एप्रिल

मामी,

तुझा निरोप ताईंना पाठवला नाही. पाठवायचा की नाही ते हे पत्र वाचून सांग.

पानं अठ्ठावीस तारखेला छपाईला जातात. तू म्हणशील ती टीप छापू. तुझ्यावर मी काही लादणार नाही, मामांनी मला ताटात न ठरणारी म्हटलं असेल, पण दुसऱ्याच्या ताटात हात घालणारी म्हटलं नव्हतं.

फक्त एक. ताईंचं पत्र तू तीनदा वाचलंस म्हणतेस, आणि तुझ्या उत्तरात शेवटच्या चार ओळींबद्दल एक अक्षर नाही. तू माझ्या पुस्तकातला सुटलेला अनुस्वार शोधणारी बाई आहेस. तुझ्या वाचण्यातून चार ओळी सुटत नाहीत.

मटा


२३ एप्रिल

मटा,

सुटल्या नव्हत्या. मी त्यांच्यावर बोट ठेवून पुढे गेले होते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी मामांची पेटी उघडली. त्यांचा शेवटचा एप्रन मी कुणाला परत दिला नव्हता, लाँड्रीलाही नाही. दोरी एका बाजूने तुटलेली होती. ते गेले त्या आठवड्यात मी ती शिवणार होते. सुई ओवली आणि शिवायला बसले.

शिवताना मला त्यांचा एक प्रसंग आठवला. एकदा वरून कुणी मोठे लोक आले होते, जेवून खूश झाले आणि विचारलं, "मुख्य आचारी कोण?" मामांनी टोमला पुढे केलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी खूप बोलले. इतकी वर्षं राबता तुम्ही आणि शाबासकी घेतो तो. तर म्हणाले, "अगं, त्या दिवशी आमटी त्याचीच होती. ज्याची चांगली झाली त्याला चांगलं म्हणायला नको?" मी म्हटलं, "आणि तुमची?" म्हणाले, "माझी रोजच होते."

मी दोरी शिवली आणि तो माणूस डोळ्यांसमोर आणला, पन्नाशीला आलेला, आवाज नाही, दुसऱ्याचं पातेलं घासतो. त्याची चांगली झाली आहे. आणि त्याला चांगलं म्हणायचा शब्द माझ्या पेटीत पडून आहे. तुझ्या मामांना हे कळलं असतं तर ते माझ्यावर रागावले नसते, ते रागवायचेच नाहीत. ते स्वतः उठून मागच्या दाराशी गेले असते.

मला वाटत होतं, शब्द तोडला की ते दुसऱ्यांदा जातील. तसं नाही. ज्या घरात आधी कुणी सुखाने नांदलेलं नाही, ते घर कुणी मागत नाही. हे नाव ते मागतायत. सोळा जण, तीन वर्षं वाट बघून. माझ्या नवऱ्याचं नाव दुसऱ्या माणसाला मोठं करायला लागतं आहे, मटा. यापेक्षा मोठा पुतळा कुठे असतो ते मला वाचनात आढळलेलं नाही, आणि तू म्हणतेस तसं माझ्या वाचण्यातून फार सुटत नाही.

तुझ्या टिपेत आता काय लिहायचं ते तू ठरव. मी फक्त झालं ते सांगते.

एप्रनला इस्त्री केली. घडी घातली. चिरणाऱ्या ताईंना जास्तीचा खिसा लागतो, म्हणून त्यांच्यासाठी एक नवा शिवला, निवृत्त झाल्यावर घरी वापरतील. दोन्ही चादरीत बांधून दाराशेजारच्या खुर्चीवर ठेवले, सकाळी विसरायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पाणी तापवलं, दूध ठेवलं, ते या वेळी उतू जाऊ दिलं नाही, आणि गाठोडं काखेत मारून जुन्या गल्लीने कँटीनच्या मागच्या दाराशी गेले. आत पंखे चालू होते. कुणी मला पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि पंख्यांच्या वर जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "तांद द्या."

मामी